मदत हवी आहे: ब्लॅडर कॅन्सर, टी१ हाय ग्रेड. पिशवी काढायची की बीसीजी? सोमवारी सांगायचंय

उंबरठा | गुरुवार, रात्री ११:४०
वडील, वय ६८. तीन आठवड्यांपूर्वी दुर्बिणीतून ब्लॅडरमधली गाठ काढली. बायॉप्सी रिपोर्ट: हाय ग्रेड (आक्रमक), टी१ (स्नायूच्या वरच्या थरापर्यंत). एक डॉक्टर म्हणतात पूर्ण पिशवीच (मूत्राशय) काढून टाका, उशीर करू नका. दुसरे म्हणतात टी१ला लगेच पिशवी कशाला काढायची, बीसीजी (नळीने पिशवीत सोडायचं औषध) देऊ. दोघंही अनुभवी आणि दोघंही ठाम. वडील म्हणतात पोटावर पिशवी लावून मी जगणार नाही. सोमवारी हो की नाही सांगायचंय. गूगल वाचून डोकं भंजाळलंय, त्यामुळे कृपया लिंका देऊ नका. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सरळ सांगा, काढायची की नाही?

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, रात्री ११:५८
ज्या ओळीवर सगळं अडलंय ती ओळच तुम्ही लिहिलेली नाही. रिपोर्टमध्ये 'डिट्रुसर मसल' किंवा 'मस्क्युलॅरिस प्रोप्रिया' हे शब्द शोधा आणि ती ओळ जशीच्या तशी टाका. तिथे तीनपैकी एक काहीतरी असेल: स्नायू नमुन्यात आहे आणि स्वच्छ आहे, स्नायू आहे आणि त्यात कॅन्सर शिरलाय, किंवा नमुन्यात स्नायू आलेलाच नाही. तिसरं असेल तर तुमचा टी१ म्हणजे 'किमान टी१'. खाली काय आहे ते कोणी पाहिलेलंच नाही. आणखी तीन गोष्टी बघा: सीआयएस (अस्तरातच चपटा पसरलेला कॅन्सर) आहे का, लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन (बारीक रक्तवाहिन्या-लसिकावाहिन्यांत शिरकाव) आहे का, आणि मायक्रोपॅपिलरी, प्लाझ्मासायटॉइड, सार्कोमॅटॉइड असा जास्त आक्रमक प्रकाराचा एखादा शब्द आहे का.

तांबडफुटी | शुक्रवार, सकाळी ६:२०
टी१ हाय ग्रेडला बीसीजी हाच पहिला रस्ता आहे, घाबरून जाऊ नका. आठवड्याला एक डोस, असे ६ डोस. मग तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या, चोविसाव्या, तिसाव्या आणि छत्तिसाव्या महिन्यात आठवड्याला एक असे तीन-तीन. म्हणजे एकूण ३ वर्षं. औषध नळीतून आत सोडतात, ते २ तास आत धरायचं. त्या दिवशी आधीचे चार तास पाणी कमी प्यायचं, नाहीतर पिशवी भरते आणि औषध पातळ होऊन लवकर बाहेर पडतं. पुढचे ६ तास लघवी बसूनच करायची, दर वेळी भांड्यात ब्लीच ओतून १५ मिनिटं थांबायचं आणि मग फ्लश करायचं. ती जिवंत लस असते, म्हणून ही काळजी. जळजळ, वारंवार लघवी, बारीक कणकण हे दोन दिवस चालतं. ताप ३८.५च्या वर गेला आणि २४ तासांत उतरला नाही तर वाट न बघता दवाखान्यात.

एक चूक फार होते: नळी घालताना रक्त आलं तरी 'आता आलोच आहोत तर' म्हणून डोस देऊन टाकतात. तसं देऊच नये, जंतू थेट रक्तात जातात. त्या दिवशी घरी परत यायचं आणि पुढच्या आठवड्यात घ्यायचा.

वळीव | शुक्रवार, सकाळी ८:०५
ऑपरेशनची घाई करू नका. लघवीच्या विकारांवर फार चांगल्या वनस्पती आहेत, तीन महिने करून बघायला काय हरकत आहे? नाव व्यक्तिगत निरोपात कळवतो.

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, सकाळी ८:३०
वळीव, हरकत आहे. हाय ग्रेडमध्ये तीन महिने म्हणजे खूप वेळ. आणि काही वनस्पतींमध्ये ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं, त्याने किडनी निकामी होते आणि याच अस्तराचा कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं आहे. नाव माहीत नसलेलं, घटक माहीत नसलेलं काही अशा पेशंटला देऊ नका. उंबरठा, वडिलांचं असं काही चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

उंबरठा | शुक्रवार, सकाळी ९:१५
कुठलंही झाडपाल्याचं औषध चालू नाही. बीसीजी कसं देतात हे मी विचारलेलं नाही, ते आम्हाला सांगितलंय. ही ओळ: 'लॅमिना प्रोप्रिया इन्व्हेडेड. फ्यू थिन मसल फायबर्स सीन, फोकली इन्व्हॉल्व्ड. डिट्रुसर मसल नॉट आयडेंटिफाइड.' सीआयएसबद्दल काही नाही. गाठ ४ सेंमी, उजव्या बाजूला. स्नायूत शिरलाय असंच म्हणायचं ना? मग टी१ का लिहिलंय? लॅबने चूक केलीय का?

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, सकाळी १०:०२
लॅबची चूक दिसत नाही, उलट काळजीपूर्वक लिहिलंय. पिशवीच्या भिंतीत दोन प्रकारचे स्नायू असतात. अस्तराच्या लगेच खाली, लॅमिना प्रोप्रियातच, केसासारखे तुटक धागे असतात, ते मस्क्युलॅरिस म्युकोसी. त्यात कॅन्सर पोचला तरी तो टी१च. त्याखाली जाड जुड्यांचा खरा स्नायू, तो डिट्रुसर. त्यात शिरला की टी२, आणि तिथून उपचारांची दिशाच बदलते. दुर्बिणीतून येणारे तुकडे जळलेले, वेडेवाकडे असतात, त्यामुळे बारीक धागा कोणता आणि जुडीचा तुकडा कोणता हे ओळखणं अवघड जातं.

तुमच्या रिपोर्टचा अर्थ: वरचे धागे दिसले, खालचा स्नायू तुकड्यांमध्ये आलाच नाही. म्हणजे तो स्वच्छ आहे असंही नाही आणि बिघडलाय असंही नाही. आज शुक्रवार आहे, दोन कामं आजच करा. लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या (नुसती स्लाइड नको; ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, तो असला की नवे काप घेता येतात) आणि युरॉलॉजीच्या स्लाइड रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे द्या. दुसरं, डॉक्टरांना विचारा की पुन्हा एकदा दुर्बिणीतून खरवडणार आहात का. त्याला री-टीयूआरबीटी म्हणतात, पहिल्यानंतर २ ते ६ आठवड्यांत करायची असते. टी१मध्ये दुसऱ्या वेळी गाठ उरलेली सापडणं फार सामान्य आहे, साधारण तिघांतल्या एकापासून निम्म्या लोकांपर्यंत. त्याआधी 'काढायची की नाही' याला उत्तर नाही.

तांबडफुटी | शुक्रवार, सकाळी १०:२०
सहमत. री-टीयूआरबीटीनंतर किमान दोन आठवडे थांबून बीसीजी. माझं म्हणणं तेच राहतं.

कातळ | शुक्रवार, दुपारी १२:४५
तांबडफुटी, तुम्ही बीसीजीवर फार लवकर आलात. बीसीजी आतल्या अस्तरावर काम करते, स्नायूत उतरलेल्या गाठीपर्यंत तिचा असर जात नाही. टी२ असताना सहा डोस आणि नंतरची तपासणी असे तीन महिने गेले तर ते हातचे गेले.

उंबरठा, गाठ 'उजव्या बाजूला' म्हणजे उजव्या मूत्रवाहिनीच्या तोंडाजवळ का? सोनोग्राफीत किंवा सीटीत उजव्या किडनीबद्दल काय लिहिलंय? क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती? वजन किती? शुगर, बीपी, रोजच्या गोळ्या, रक्त पातळ करणारं काही? ऐकू कमी येतं का, पायांना मुंग्या येतात का? हे सगळं लागणार आहे.

उंबरठा | शुक्रवार, दुपारी २:१०
एवढ्या सगळ्याचा कॅन्सरशी काय संबंध? असो. सोनोग्राफी: 'राइट मॉडरेट हायड्रोनेफ्रोसिस, डायलेटेड युरेटर.' खडा असेल असं कोणीतरी म्हणालं म्हणून मी लिहिलं नाही. क्रिएटिनिन १.७. वजन ६२. शुगर १५ वर्षं आहे. गोळ्या: मेटफॉर्मिन, पायोग्लिटाझोन, बीपीची एक, ॲस्पिरिन ७५. टीव्ही मोठ्याने लावतात, वयामुळे असेल. साधा सीटी झालाय, बाहेर काही पसरलेलं नाही म्हणाले.

कातळ | शुक्रवार, दुपारी ३:०५
संबंध आहे. पहिल्या डॉक्टरांचा आग्रह कशामुळे हे बहुतेक यातच आहे. उजव्या बाजूला ४ सेंमीची गाठ आणि त्याच बाजूची किडनी फुगलेली, यातून गाठ भिंतीत खोल गेली असल्याचा दाट संशय येतो. पुरावा नव्हे, पण संशय दाट. खडा असता तर साध्या सीटीतही दिसला असता. कागदावर टी१ आहे, किडनी दुसरंच काही सांगतेय. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात कारण एक कागद वाचतोय आणि एक सोनोग्राफी.

आता क्रिएटिनिन. क्लिअरन्सचं (किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते त्याचं) गणित: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन. १४० वजा ६८ म्हणजे ७२, तो खालच्या ७२ने उडतो, उरतं ६२ भागिले १.७. म्हणजे सुमारे ३६. टी२ निघाला तर पिशवी काढण्याआधी सिस्प्लॅटिनवाली किमो देणं चांगलं असतं: जेमसिटाबिन १००० दिवस १ आणि ८, सिस्प्लॅटिन ७० दिवस १, हे मिलिग्रॅम शरीराच्या दर चौरस मीटरला, २१ दिवसांचं चक्र, अशी चार. पण सिस्प्लॅटिनला क्लिअरन्स ६०च्या वर हवा. ५० ते ६० असेल तर डोस दोन भागांत, दिवस १ आणि ८ला ३५-३५ करून देतात. ३६ला नाही. ऐकू कमी येत असेल तर आधी ऑडिओग्राम, कारण हे औषध आतल्या कानाला आणि नसांनाही मारतं. पायांना मुंग्या येतात का हे तुम्ही सांगितलं नाहीत. १५ वर्षांच्या शुगरमध्ये ते मुद्दाम विचारून घ्या.

म्हणून पहिलं काम: किडनीतला अडथळा मोकळा करणं. पाठीतून किडनीत नळी घालतात ती नेफ्रोस्टॉमी, किंवा आतून मूत्रवाहिनीत ठेवतात ती बारीक नळी, डीजे स्टेंट. गाठ तोंडावरच बसली असेल तर खालून स्टेंट घालणं अवघड जातं, आणि स्टेंट गाठीतून वर जातो हाही प्रश्न असतो, त्यामुळे बरेच जण नेफ्रोस्टॉमी पसंत करतात. दोन आठवड्यांत क्रिएटिनिन १.१वर आलं तर क्लिअरन्स ५६ होतो. तेवढ्याने सिस्प्लॅटिनचा दरवाजा उघडतो.

पण एक गोष्ट खटकते. एकाच किडनीला अडथळा असेल आणि दुसरी धडधाकट असेल तर क्रिएटिनिन सहसा १.७पर्यंत चढत नाही. डावीही शुगर-बीपीने थकलेली असावी. त्यामुळे कमी होईलच असं धरून चालू नका.

शेवंती | शुक्रवार, दुपारी ३:३०
पायोग्लिटाझोनबद्दल कोणी बोललं नाही! ब्लॅडर कॅन्सर असलेल्यांनी हे औषध घेऊ नये अशी स्पष्ट सूचना आहे. शुगरच्या डॉक्टरांना आजच फोन करून बदलून घ्या. स्वतःच बंद करून मोकळे होऊ नका, शुगर चढेल. मेटफॉर्मिनचा डोसही या क्रिएटिनिनला त्यांनी बघायला हवा. ॲस्पिरिनचं नळी घालणाऱ्यांना आणि दुर्बिणीवाल्यांना दोघांनाही सांगा.

कवडसा | शुक्रवार, संध्याकाळी ५:५०
टी२ निघाला तरी पिशवी काढणं हा एकच मार्ग नाही, हे इथे अजून कोणीच सांगितलं नाही. दुर्बिणीतून शक्य तेवढी गाठ काढून मग रेडिएशन आणि सोबत हलकी किमो, यालाच ट्रायमोडॅलिटी म्हणतात. २० बैठकांत ५५ ग्रे (रेडिएशनचं माप) किंवा ३२ बैठकांत ६४ ग्रे. सिस्प्लॅटिन चालत नसेल तर ५-एफयू आणि मायटोमायसिन, २०१२च्या बीसी२००१ चाचणीत हीच जोडी होती. २०२३मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या तीन केंद्रांतल्या ७२२ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली, त्यात ट्रायमोडॅलिटी पिशवी काढण्याच्या तोडीची निघाली. एका बाजूची किडनी फुगलेले रुग्णही त्या अभ्यासात चालत होते. वडील पोटावर पिशवी नकोच म्हणताहेत तर हा पर्याय त्यांच्यासमोर ठेवायलाच हवा.

कातळ | शुक्रवार, संध्याकाळी ६:१५
ठेवा, पण पूर्ण ठेवा. त्या तुलनेत चिठ्ठ्या टाकून गट केलेले नव्हते, आधी झालेल्या उपचारांच्या नोंदी जुळवल्या होत्या. निवडलेले रुग्ण होते: एकच गाठ, ७ सेंमीपेक्षा लहान, सीआयएस पसरलेला नाही. शंभरातल्या सुमारे १३ जणांची पिशवी नंतर काढावीच लागली, आणि रेडिएशन झालेल्या जागेत ते ऑपरेशन जास्त अवघड असतं. फुगलेली किडनी असेल तर बरीच केंद्रं आजही याला नको म्हणतात. शिवाय आयुष्यभर दुर्बिणीच्या तपासण्या, सुरुवातीला दर तीन महिन्यांनी. ते न चुकता करणाऱ्यालाच हे द्यावं.

कवडसा | शुक्रवार, संध्याकाळी ६:३२
पिशवी काढल्यावर तरी तपासण्या कुठे सुटतात? किडन्या, रक्त, सीटी चालूच राहतात. १३ जणांची काढली म्हणजे ८७ जणांची राहिली, तेही सांगा. ठरवायच्या आधी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टला एकदा भेटा, एवढंच माझं म्हणणं. आत्तापर्यंत दोन्ही मतं युरॉलॉजिस्टचीच घेतलेली दिसताहेत.

कातळ | शुक्रवार, संध्याकाळी ६:४०
याला माझी हरकत नाही. भेटाच.

दक्षिणायन | शुक्रवार, रात्री ८:१०
वडील सिगारेट ओढतात का हे कोणी विचारलंच नाही. या कॅन्सरच्या जवळजवळ निम्म्या केसेस तंबाखूच्या धुरामुळे होतात. आणि आता सोडून काय उपयोग असं म्हणू नका, चालू ठेवली तर गाठ परत येण्याचा धोका वाढतो आणि ऑपरेशननंतर जखम भरायला, फुफ्फुसांना त्रास होतो.
अवांतर: व्यवसायामुळे होणाऱ्या कॅन्सरमध्ये हा फार आधी ओळखला गेला. १८९५ साली लुडविग रेन या जर्मन सर्जनने फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये ब्लॅडरच्या गाठी दाखवून दिल्या. रंग, रबर, केमिकल यात काम केलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. आणि बीसीजी ब्लॅडरमध्ये वापरल्याचे पहिले निष्कर्ष १९७६चे, अल्वारो मोरालेस यांचे.

उंबरठा | शुक्रवार, रात्री ९:२५
सिगारेट ४० वर्षं, दिवसाला दहा. सोडायला लावतो. पायोग्लिटाझोन आज बदललं. बाकीचं वाचतोय, पण मला एकच भीती आहे: किडनी सुजलीय म्हणून शेवटी पोटावर पिशवीच लागणार का? वडील या एकाच गोष्टीवर अडून बसलेत.

शेवंती | शुक्रवार, रात्री १०:४०
काढायची वेळ आली तर दोन मुख्य पर्याय असतात, आणि दोन्ही त्यांना डॉक्टरांच्या समोर बसवूनच समजू द्या. तुमच्याकडून ऐकलं तर ते ऐकणार नाहीत.

निओब्लॅडर: आतड्याचा ५०-६० सेंमीचा तुकडा घेऊन नवी पिशवी शिवतात, लघवी नेहमीच्याच वाटेने होते. ऐकायला हेच हवंहवंसं वाटतं. पण या पिशवीला भरल्याची जाणीव नसते. सुरुवातीला घड्याळ लावून दर दोन तासांनी, रात्रीही उठून, पोटाने जोर लावून लघवी करायची, मग हळूहळू तीन-चार तासांवर न्यायचं. झोपेत गळणं बऱ्याच जणांना राहतं. आतडं शेंबडासारखा चिकट स्राव सोडतं, त्याने अडलं तर स्वतः नळी घालून रिकामं करता यायला हवं. आणि आतडं लघवीतलं आम्ल परत रक्तात घेतं, ते बाहेर टाकायला चांगली किडनी लागते. क्लिअरन्स ३६ राहिला तर बहुतेक सर्जन निओब्लॅडर नाहीच म्हणतील.

इलिअल कॉन्ड्युइट: आतड्याचा १५-२० सेंमीचा तुकडा, त्याचं तोंड पोटावर, तिथे बॅग. 'पोटावर पिशवी' म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर फार भयंकर काहीतरी येतं, म्हणून सविस्तर लिहिते. स्टोमा म्हणजे ओलसर लाल, ओठाच्या आतल्या भागासारखी गोल घडी. तिला दुखत नाही. ऑपरेशनच्या आधी त्याची जागा पोटावर पेनाने आखून घ्यायची, आणि ती आखताना माणसाला उभं करून, बसवून, वाकवून बघायचं. आडवं ठेवूनच आखली तर बसल्यावर पोटाच्या वळीत जाते आणि बॅग रोज गळते. बॅग गळते म्हणून खचलेली माणसं असतात, तिथे बहुतेक वेळा दोष एकतर चुकीच्या जागेचा किंवा चुकीच्या मापाचा असतो. प्लेटला भोक स्टोमापेक्षा २-३ मिमी मोठं, जास्त नाही, नाहीतर मधली कातडी लघवीने सोलते. सुरुवातीचे दोन महिने स्टोमा आकसत जातो, म्हणून दर आठवड्याला नव्याने माप घ्यायचं. बॅग बदलायची पहाटे, काही प्यायच्या आधी, कारण तेव्हा लघवी कमी टपकते. कातडी नुसत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची, तेलकट साबण किंवा क्रीम लावलं की प्लेट चिकटत नाही. एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, प्लेट ३ ते ५ दिवसांनी बदलायची. रात्री मोठी बॅग जोडली की सलग झोप लागते. शर्टाखाली कोणाला कळत नाही.

त्यांना एखादी रिकामी बॅग दोन दिवस पाणी भरून पोटावर लावून हिंडू द्या. त्यानंतरही 'नाही' म्हणाले तर ते विचार करून म्हटलेलं असेल.

तांबडफुटी | शनिवार, सकाळी ७:००
किडनीचं आधी माहीत असतं तर मी बीसीजी लिहिलं नसतं. उंबरठा, सोमवारी विचारायचं ते लिहून न्या: किडनीची नळी कधी, री-टीयूआरबीटी कधी, त्यात खालचा स्नायू वेगळ्या डबीत पाठवणार का, ब्लॅडरचा एमआरआय त्याआधी करता येईल का. पहिल्या ऑपरेशनला तीन आठवडे झालेत, त्यामुळे एमआरआयमध्ये सुजेचा गोंधळ आता कमी असेल.

उंबरठा | बुधवार, संध्याकाळी ७:१५
सोमवारी हो-नाही काहीच सांगितलं नाही, तुमचे प्रश्न वाचून दाखवले. डॉक्टर शांतपणे बसून बोलले. एमआरआय झाला, 'खोल जाण्याची शक्यता जास्त' असं आहे. काल उजवीकडे नेफ्रोस्टॉमी घातली. री-टीयूआरबीटी पुढच्या गुरुवारी. स्लाइड दुसरीकडे दिल्यात. रेडिएशनवाल्यांची वेळ शनिवारची मिळालीय. पायांना मुंग्या नाहीत, ऑडिओग्राम बाकी आहे. आत्ता एक: पाठीच्या बॅगेत लघवी गुलाबी येतेय. चालतं का?

शेवंती | बुधवार, संध्याकाळी ७:२२
पहिले एक-दोन दिवस गुलाबी चालतं. गडद लाल झाली, गुठळ्या आल्या, बॅगेत येणं एकदम थांबलं, किंवा थंडी वाजून ताप ३८च्या वर गेला तर रात्र काढू नका, लगेच न्या. बॅग नेहमी किडनीच्या खाली. झोपेत कूस बदलताना नळी ओढली जाते, म्हणून कातडीवर दोन ठिकाणी टेप लावा, मध्ये थोडी ढील ठेवून. बॅगेतली आणि नेहमीच्या वाटेची लघवी वेगवेगळी मोजून वहीत लिहा, डॉक्टर विचारतील.

कातळ | बुधवार, रात्री ८:४०
आणि क्रिएटिनिन शुक्रवारी एकदा, मग पुढच्या बुधवारी. दोन्ही आकडे इथे टाका.